उन्हाळी फ्रॉक : कात्री लावण्याआधीचं शास्त्र

घरी शिवलेल्या फ्रॉकबद्दल एक तक्रार हमखास ऐकू येते. शिवून झाला त्या दिवशी तो अंगावर अगदी नीट बसतो. पहिल्या धुण्यानंतर मात्र काखेतून सरळ खाली उतरणारी बाजूची शिवण पोटाकडे वळते, घेर एका अंगाला लोंबतो आणि उंची आखूड होते. माप बरोबर घेतलेलं असतं, टीपही सरळ असते. मग बिघडतं काय?

बिघाड शिलाईत नसतो. कापडाला कात्री लागण्याआधी जी दोन-तीन कामं करायची असतात, ती राहून गेलेली असतात. घरातलंच साठवलेलं कापड आणि जुना कागदी बेत वापरून शिवताना तर या कामांचं महत्त्व आणखी वाढतं. कारण ते कापड कोणत्या जातीचं आहे, किती आटणार आहे, आणि तो कागद कोणाच्या मापाचा आहे, हे आपल्याला नव्याने शोधावं लागतं.

आपल्याकडे अशा कापडाला तोटा नाही. हळदीकुंकू, बारसं, डोहाळजेवण, मुंज, लग्न अशा निमित्तांनी ओटीत आलेले ब्लाउजपीस कपाटात घडीवर घडी होऊन बसलेले असतात. त्यातल्या तीन सुती तुकड्यांत सात-आठ वर्षांच्या मुलीचा बिनबाह्यांचा योक फ्रॉक (वर छातीवरचा भाग म्हणजे योक, खाली त्याला जोडलेला घेर) आरामात होतो. तोच उदाहरणादाखल घेऊ.

आधी कापडाची जात ओळखा

ओटीचं कापड बहुतेकदा सुती, पॉलिस्टर किंवा दोन्हींची मिसळण असलेलं असतं. घडीत तिन्ही सारखीच दिसतात. ओळख पटवायला कडेचा एक धागा काढा, चिमट्यात धरा आणि पाण्याच्या ताटलीवर पेटवा. सुती धागा कागद जळाल्याचा वास देत जळतो आणि त्याची मऊ राख बोटांत चुरगळते. पॉलिस्टर आक्रसून वितळतं आणि टोकाला कडक मणी उरतो. मिसळण असेल तर धागा जळतोही आणि काही भाग कडकही होतो.

मग कापड उजेडाकडे धरून पाहा. वर्षानुवर्षं एकाच घडीत राहिलेल्या कापडाचा रंग घडीच्या रेषेवर उडालेला असतो, तिथले धागेही झिजलेले असू शकतात. ती रेषा दोन्ही हातांनी हलकेच ताणून बघा. धागे सरकले किंवा तुटले तर तो भाग दर्शनी जागी घेऊ नका. बारीक छिद्रं दिसली तर ती बहुधा कसरीची करणी असते. कसरीला खळ आवडते, म्हणून खळ असलेलं कापड वर्षानुवर्षं ठेवण्यापेक्षा धुऊन, खळ काढून ठेवलेलं बरं.

उन्हाळ्यात सुतीच का?

घाम आपल्याला थंड करतो तो वाळताना. एक ग्रॅम घामाची वाफ होताना शरीरातून सुमारे २४०० ज्यूल उष्णता निघून जाते. म्हणून उन्हाळी कपड्याची दोन कामं असतात : घाम त्वचेवरून उचलायचा आणि त्याची वाफ बाहेर जाऊ द्यायची.

सुती धागा पाण्याला धरून घेतो. साधारण हवेतसुद्धा कापूस आपल्या वजनाच्या आठ टक्क्यांच्या आसपास ओलावा धरून असतो. पॉलिस्टरमध्ये हेच प्रमाण अर्धा टक्काही नसतं. त्यामुळे दमट हवेत साधं पॉलिस्टरचं कापड अंगावर असलं की घाम त्वचेवरच साचतो.

सुती कापडाचीही एक उणी बाजू आहे. ते पाणी पितं तितकंच ते सोडायला वेळ लावतं. भिजलं की अंगाला चिकटतं आणि हवा खेळायची थांबते. मुंबई, रत्नागिरी किंवा पणजीच्या दमट उन्हाळ्यात हे लगेच जाणवतं. म्हणूनच फ्रॉकचा घेर सैल ठेवायचा. मूल चालतं, पळतं तेव्हा सैल घेर हलतो, आतली ओली हवा बाहेर ढकलली जाते आणि बाहेरची तुलनेने कोरडी हवा आत येते. कापड पातळ असलेलं चांगलं, पण त्यापेक्षाही कापड आणि कातडी यांच्यामध्ये अंतर असणं महत्त्वाचं. मलमल, वायल, केंब्रिक ही कापडं यासाठी उत्तम. पॉपलीन थोडं जाड आणि घट्ट विणीचं असतं. त्याचा योक छान बसतो, घेर मात्र पातळ कापडाचा घ्यावा.

पाण्यात कापड का आटतं?

मागावर कापड विणताना उभे धागे, म्हणजे ताणा, घट्ट ताणून बांधलेले असतात. आडवा धागा, म्हणजे बाणा, त्यांच्यामधून ये-जा करतो. विणून झाल्यावरही ताण संपत नाही. धुणं, रंगवणं, छपाई, खळ देणं, वाळवणं आणि गुंडाळणं या सगळ्या टप्प्यांत कापड लांबीच्या दिशेने ओढलं जातं. खळ आणि इस्त्री त्याला तसंच ताणलेलं धरून ठेवतात.

अशा कापडाला आपण पहिल्यांदा भरपूर पाण्यात बुडवतो तेव्हा दोन गोष्टी होतात. एक, खळ निघून जाते आणि ताणलेले धागे सैल होऊन आपल्या मूळ लांबीकडे परततात. दोन, कापसाचे तंतू पाणी पिऊन जाड होतात. आडवा धागा जाड झाला की त्याच्यावरून-खालून जाणाऱ्या उभ्या धाग्याला जास्त वळण घ्यावं लागतं. वळणाला लागणारी ही लांबी कापडाच्या लांबीतूनच येते. म्हणून सुती कापड रुंदीपेक्षा लांबीला जास्त आटतं.

कापड आधीच दाबून आटवण्याची यंत्रपद्धत अमेरिकेत सॅनफर्ड क्लुएट यांनी शोधली आणि १९३०मध्ये तिचं पेटंट घेतलं. कापडाच्या किनारीवर छापलेला ‘सॅनफोराइज्ड’ हा शिक्का त्यांच्याच नावावरून आला. ओटीतल्या ब्लाउजपीसवर अशी प्रक्रिया झालेली असेल, असं गृहीत धरू नये. तीन ते पाच टक्के आटणं अशा कापडाला सहज शक्य असतं. ८० सेंटिमीटरचा तुकडा चार टक्के आटला तर सुमारे ७७ सेंटिमीटर उरतो. शिवलेल्या फ्रॉकमध्ये हीच घट इंचभर आखूड उंचीच्या रूपात दिसते.

उपाय सोपा आहे. तिन्ही तुकडे वेगवेगळे, साध्या पाण्यात तास-दोन तास भिजवा. पुढे फ्रॉक ज्या साबणाने धुणार त्यानेच धुवा, न पिळता वाळवा. अस्तराचं कापडही याच वेळी भिजवा. नाही तर पुढे अस्तर आटेल आणि बाहेरचा योक फुगेल.

भिजवताना रंगही तपासून घ्या. ओल्या कापडावर पांढरा रुमाल दाबून घासा. रुमालाला रंग लागला तर ते कापड पांढऱ्या किंवा फिक्या कापडाशी जोडू नका. मिठाच्या पाण्यात घातलं की रंग पक्का होतो हा समज सार्वत्रिक आहे. रंगवताना मीठ रंगाला धाग्यात शिरायला मदत करतं, पण कच्चा राहिलेला रंग नंतरच्या मिठाने पक्का होत नाही.

उभा धागा, आडवा धागा आणि उरेब

आता सुरुवातीच्या कोड्याचं खरं उत्तर. विणलेल्या कापडाला तीन दिशा असतात. किनारीला समांतर तो उभा धागा. एका किनारीकडून दुसरीकडे जातो तो आडवा. आणि दोन्हींच्या मधोमध, ४५ अंशांत कापड धरलं की ती उरेब.

हातरुमाल घेऊन पाहा. समोरासमोरच्या बाजू धरून ओढला तर तो फारसा ताणला जात नाही, कारण आपण थेट धाग्यालाच ओढत असतो. समोरासमोरचे कोपरे धरून ओढला तर तो लगेच लांबतो आणि मधून अरुंद होतो. इथे धागे लांबत नाहीत. उभ्या-आडव्या धाग्यांतल्या बारीक चौकटी तिरप्या होतात, एवढंच. कापडाचा लवचिकपणा असा दिशेवर अवलंबून असतो. पॅरिसच्या मादलेन व्हिओने यांनी १९२०च्या दशकात याच गुणाचा आधार घेऊन संपूर्ण पोशाख उरेबात कापले आणि ते कापड शरीराच्या वळणांवरून उतरताना पाहून फॅशनचं जग चकित झालं.

घेराचा तुकडा कापताना उभा धागा वरपासून खालपर्यंत सरळ यायला हवा. तो तिरपा आला तर तुकड्याचा एक भाग ताणत राहतो, दुसरा ताणत नाही, आणि गुरुत्वाकर्षणाने घेर एका बाजूला झुकतो. अडचण अशी की कापड सरळ दिसतं तेव्हाही ते सरळ असतंच असं नाही. कारखान्यात ओढाताण होताना आडवे धागे तिरपे झालेले असतात. आपण किनार सरळ धरून कापतो आणि शिवतो. पहिल्या धुण्यात खळ जाते, तिरपे धागे पुन्हा काटकोनाकडे परततात आणि त्यांच्यासोबत बाजूची शिवण पोटाकडे वळते.

म्हणून धुतलेल्या कापडाची आडवी रेषा आधी शोधायची. किनारीपाशी कात्रीने अर्ध्या इंचाची चीर द्या. चिरेत दिसणारा एक आडवा धागा नखाने उचला आणि अलगद ओढा. कापड त्या धाग्यावर गोळा होऊ लागेल. चुण्या बोटांनी पुढे सारत राहा. धागा निघून आला की त्याच्या जागी बारीक, पारदर्शक रेघ उरते. मध्येच तुटला तर रेघेवर तिथपर्यंत कापून पुढचं टोक पकडा. त्या रेघेवर कापलं की कापडाची खरी आडवी कड मिळते. तुकड्याच्या दुसऱ्या टोकालाही असंच करा.

आता तुकडा किनारीला किनार लावून दुमडा. चारही कोपरे जुळले तर ठीक. जुळले नाहीत तर कापड तिरकं झालं आहे. ते पुन्हा ओलं करा, जो कर्ण आखूड दिसतो त्या दिशेने दोघांनी कोपरे धरून हळूहळू ओढा आणि सपाट पसरून वाळवा. छापील कापडात कधी कधी छपाईच धाग्याला तिरकी झालेली असते. तिथे बारीक, विखुरलेली नक्षी निवडली तर तिरकेपणा डोळ्यांत भरत नाही. चौकड्याचं किंवा पट्ट्यांचं तिरकं छापलेलं कापड योकसाठी घेऊच नये.

जुना कागद, आजचं माप

मापवार कागदी बेत बाजारात आले ते अमेरिकेत. मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या एबेनेझर बटरिक या शिंप्याने १८६३मध्ये वेगवेगळ्या मापांचे बेत विकायला सुरुवात केली. आपल्याकडे शिवणक्लासच्या वहीत पाव प्रमाणात काढलेल्या आकृत्या आणि खाकी कागदावर कापलेले पूर्ण मापाचे बेत घरोघरी जपून ठेवलेले दिसतात. कागद जुना झाला तरी त्यातली आकृती जुनी होत नाही. बदलतं ते अंगाचं माप.

कागदावर ‘वय ७’ असं लिहिलेलं असलं तरी वयावर विसंबू नका. छाती, खांद्याची रुंदी, खांद्यापासून काखेपर्यंतची खोली आणि पूर्ण उंची ही चार मापं नव्याने घ्या. आपल्या उदाहरणात छाती २५ इंच आहे. विणलेलं कापड बनियनच्या होजियरीसारखं ताणलं जात नाही, म्हणून श्वास घ्यायला, हात वर करायला आणि वाकायला तीन इंच ढील हवी. एकूण २८ इंच झाले. त्याचा चौथा भाग ७ इंच. बाजूच्या शिवणीसाठी पाऊण इंच धरला की समोरच्या अर्ध्या योकची रुंदी पावणेआठ इंच होते. पुढच्या वर्षी हीच शिवण उसवून अर्धा-पाऊण इंच वाढवता येते.

योकची उंची वाढवायची असेल तर कागद खालच्या कडेला वाढवू नका. योक मुंढ्याखाली, म्हणजे काखेच्या गोलाईखाली, आडवा कापा आणि हवं तेवढं अंतर सोडून मधे कागदाची पट्टी चिकटवा. त्यामुळे गळा, मुंढा आणि खालची कड यांचे आकार जसेच्या तसे राहतात.

तीन ब्लाउजपीसांचा हिशोब

समजा, तिन्ही तुकडे ३६ इंच पन्ह्याचे (रुंदीचे) आणि ८० सेंटिमीटर लांबीचे आहेत. धुतल्यावर प्रत्येकाची लांबी सुमारे ३० इंच आणि पन्हा ३५ इंच उरतो.

घेराची तयार लांबी २० इंच. खाली अडीच इंच दुमड आणि वर अर्धा इंच शिवण धरून २३ इंच. पहिल्या तुकड्यातून घेराचा पुढचा भाग आणि दुसऱ्यातून मागचा भाग, दोन्ही पूर्ण पन्ह्याचे. प्रत्येक तुकड्यात वर सात इंचांची पट्टी उरते, तिचे खिसे होतात. योकला मात्र शिवणीसह आठ इंच लागतात, त्यामुळे तो या पट्टीत बसत नाही. तो तिसऱ्या तुकड्यातून घ्यायचा. समोरचा भाग घडीवर, मागचे दोन भाग बटणपट्टीसाठी एकेक इंच जास्त ठेवून. हे सगळं एका ओळीत साधारण ३३ इंचांत मावतं. त्याच्याखाली तशीच दुसरी ओळ अस्तरासाठी. उरलेल्या १४ इंचांतून मुंढ्याच्या उरेब पट्ट्या निघतात. मुलांच्या डोक्याचा घेर गळ्यापेक्षा मोठा असतो, म्हणून मागे बटणं आणि मागच्या घेराला मधोमध चार इंचांची चीर हवी.

कात्री लावण्याआधी सगळे कागद कापडावर एकदम मांडा. कागदावरच्या उभ्या धाग्याच्या रेषेच्या दोन्ही टोकांपासून किनारीचं अंतर टेपने मोजा. दोन्ही अंतरं सारखी आली की मगच टाचण्या लावा.

सपाट कापडाला गोलाई कुठून येते?

कापड सपाट, शरीर गोल. मधला हा फरक भरून काढायचे दोनच मार्ग आहेत : जिथे कापड जास्त होतं तिथे ते दुमडून काढून टाकायचं, किंवा जिथे कमी पडणार तिथे आधीच जास्त कापड देऊन ठेवायचं.

पहिला मार्ग भेळवाल्याच्या पुड्यात दिसतो. सपाट कागदाची एक बाजू दुसरीवर सरकवली की पाचरीएवढा भाग आत दडतो आणि कागदाला खोली येते. पाचर मोठी तितका पुडा निमुळता. मोठ्या बायकांच्या ब्लाउजला किंवा कुर्तीला आपण टक्स घालतो ते हेच काम करतात. पाचरीचं रुंद तोंड जिथे कापड कमी करायचं तिथे, उदाहरणार्थ कमरेवर, आणि टोक जिथे गोलाई हवी तिकडे, छातीकडे. टोक छातीच्या अगदी मध्यबिंदूवर न नेता इंचभर आधी थांबवलं की तिथे बोचरा उंचवटा येत नाही.

सात-आठ वर्षांच्या मुलीला टक्सची गरज नसते. तिच्या फ्रॉकला दुसरा मार्ग, म्हणजे चुण्या. घेराचे दोन तुकडे जोडले की सुमारे ७० इंच कापड होतं, आणि ते योकच्या २८ इंचांत बसवायचं असतं. म्हणजे अडीच पट. वायल किंवा मलमलीला हे प्रमाण छान जमतं. जाड पॉपलीन दीड-पावणेदोन पटीच्या पुढे गेलं की शिवणीत गोळा होतं.

चुण्या करताना वरच्या कडेला लांब टाक्यांच्या दोन समांतर टिपा घाला, पाव इंच अंतर ठेवून. एकाच टिपेवर ओढलं तर चुण्या तिरप्या फिरतात. दोन टिपा प्रत्येक चुणीला दोन ठिकाणी धरतात, म्हणून ती सरळ उभी राहते. दोन्ही खालचे दोरे एकदम, हळूहळू ओढा. घेराचे आणि योकचे चार-चार समान भाग करून खुणा जुळवा, म्हणजे चुण्या सगळीकडे सारख्या पडतील.

मुंढ्याच्या कडेला उरेब पट्टीच का, हेही यातच आलं. वळणाची बाहेरची कड आतल्यापेक्षा लांब असते. सरळ धाग्याची पट्टी एका कडेला लांब आणि दुसऱ्या कडेला आखूड होऊ शकत नाही, म्हणून ती सुरकुतते. उरेब पट्टी एका बाजूला ताणते, दुसऱ्या बाजूला आक्रसते आणि वळणावर सपाट बसते. उरेब मिळवायला कापडाचा कोपरा असा दुमडा की उभा धागा आडव्या धाग्यावर येईल. जी तिरपी घडी पडते, तीच उरेबाची रेषा.

टीप कशी पडते?

शिवणयंत्राच्या सुईचं नेढं टोकापाशी असतं. अशी सुई आणि दोन दोऱ्यांची गाठटीप यांवर अमेरिकेत एलियास हाव यांनी १८४६मध्ये पेटंट घेतलं, आणि आयझॅक सिंगर यांनी १८५१मध्ये आपलं यंत्र आणलं. यंत्रांविषयी साशंक असलेल्या गांधीजींनीही १९२४मध्ये शिवणयंत्राचा आवर्जून अपवाद केला होता.

सुई कापडातून खाली जाते आणि किंचित वर येऊ लागते. कापड दोऱ्याला घट्ट धरून असतं, त्यामुळे दोरा सुईबरोबर वर येत नाही आणि सुईमागे त्याचा छोटा फास फुगतो. खालचा फिरता हुक तो फास पकडून बॉबिनभोवती फिरवतो. वरचा दोरा खालच्याला विळखा घालतो आणि वर खेचला जातो. दोन्ही दोऱ्यांचा ताण सारखा असेल तर ही गाठ कापडाच्या आत लपते. खालच्या बाजूला दोऱ्याचे फास दिसू लागले तर बहुधा वरचा दोरा नीट ओवलेला नसतो किंवा त्याचा ताण सैल असतो.

वायलसाठी ११ नंबरची सुई आणि दोन ते अडीच मिलिमीटरची टीप ठेवा. मध्यम जाडीच्या पॉपलीनला १४ नंबर चालते. बोथट किंवा जाड सुई पातळ कापडाचा धागा ओढते आणि टिपेच्या बाजूने कायमच्या रेघा उठतात. म्हणून टीप नेहमी त्याच कापडाच्या उरलेल्या तुकड्यावर आधी घालून बघावी.

थोडक्यात

* धागा जाळून आणि कापड उजेडाला धरून त्याची जात आणि ताकद ओळखा.
* बाहेरचं कापड आणि अस्तर, दोन्ही आधी धुऊन आटवून घ्या.
* आडवा धागा ओढून खरी कड शोधा. चारही कोपरे जुळेपर्यंत बेतू नका.
* वयावर न जाता माप घ्या. छातीत तीन इंच ढील ठेवा.
* घेराचा उभा धागा वरून खाली सरळ, मुंढ्याची पट्टी उरेबात.
* पातळ कापडाला अडीच पट चुण्या, जाड कापडाला दीड ते पावणेदोन पट.
* उरलेल्या तुकड्यावर टीप तपासूनच शिवायला बसा.

कागद परत ठेवताना

फ्रॉक पूर्ण झाला की बेताचा कागद लगेच घडी घालून ठेवू नका. त्याच्यावर पेन्सिलीने लिहा : तारीख, घेतलेली चार मापं, किती ढील ठेवली, कोणतं कापड होतं आणि ते धुतल्यावर किती आटलं. फ्रॉकचा एक धुवा झाल्यावर काय बदललं तेही लिहा. सोबत त्या कापडाचा छोटा तुकडा टाचा. मुलं दर वर्षी वाढतात, घरात ओटीचं कापड दर वर्षी येत राहतं. या चार ओळी लिहिलेल्या असल्या तर पुढच्या वेळी माप, ढील आणि आटणं यांचा अंदाज बांधत बसावं लागत नाही. शिवणारी दुसरी कोणी असली, तरी ती त्याच कागदावरून थेट कामाला लागू शकते.